आता हसा

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गावाला कलेक्टर जवळ आला. पाणी मात्र लांबच राहिलं. त्या दुष्काळात मी ज्याच्याकडे दाढीला जायचो, तो वाटीभर पाण्यात दिवसभराच्या दाढ्या उरकायचा आणि वर देवांच्या गोष्टी सांगायचा. गमतीच्या जागी वस्तरा नेमका गळ्यावर असायचा. हसू दाबून जीव जायची वेळ यायची. मग वस्तरा उचलून तो म्हणायचा, "हां, आता हसा."

पाऊस पडावा म्हणून पंचांनी टँकरच्या पाण्याने गाभारा भरून महादेवाची पिंड बुडवली. त्यावर त्याने गोष्ट रचली आणि ती गावभर झाली.

एका सकाळी थोरले पंच आले. दारात त्यांची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. पंचांनी खुर्चीत मान मागे टाकली. "सांग की आमच्या महादेवाची गोष्ट."

मी बाकावर नंबराची वाट बघत होतो.

त्याने वस्तरा गळ्यावर टेकवला. "पार्वती म्हनली, 'अहो, डोक्यावरची गंगा कुठं गेली?' महादेव म्हनले, 'घागर घेऊन टँकरच्या लाईनीत उभी हाय. तिच्या वाटचं पाणी पंचांनी माझ्यावरच वतलं.'"

गोष्ट संपली, पण वस्तरा उठेना. पात्याखाली पंचांनी आवंढा गिळलेला मला दिसला.

शेवटी त्याने हात उचलला. "हां मालक, आता हसा."

पंचांनी आधी गळा चाचपला, मग हसले. त्यांचं बघून दारातलेही हसले. सगळे गेले.

तो वस्तरा धुवायला वळला. वाटी हातात अशी थरथरली, की दिवसभर पुरवायचं पाणी सगळं जमिनीवर सांडलं.