धडधडीसोबत उभं राहणं

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहायचो आणि मी जवळच्याच शाळेत चौथीला शिकवायचे. एक दिवस फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, आणि आपण आता मरणार अशी खात्रीच पटली. खडू टाकून मी बाहेर पळाले.

कार्डिओग्राम चांगला आला, पण धडधड काही थांबेना. महिन्याभरात चार वेळा मी वर्ग अर्धवट सोडला. मग वर्गात शिरायचंच भय वाटू लागलं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी वसईतल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

बाई वसईजवळच्याच गिरीज गावच्या, केळीच्या वाड्या असलेल्या घरातल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय, तिकडे नुसतं लक्ष द्या."

मिनिटभरात माझा जीव गुदमरला. मी डोळे उघडून चिडून म्हणाले, "श्वासाकडेच तर दिवसभर लक्ष असतं माझं! त्यानंच तर घाबरते."

मला वाटलं, आता समजूत घालतील. पण त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, आधी विचारायला हवं होतं. श्वास राहू दे. डोळे उघडेच ठेवा, चपला काढा. तळव्यांना काय लागतंय?"

"फरशी. गार आहे. डाव्या टाचेखाली जरा खडबडीत."

"आणि धडधड?"

"आहे. गळ्यापर्यंत."

"असू दे. घालवायची नाही. दोन्ही असू देत."

रोज दहा मिनिटं हे घरी करायचं होतं. ओट्यापाशी मी अशीच उभी असताना सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काही विसरलीस का?"

"नाही. पायांकडे लक्ष देतेय."

"बरं," म्हणाल्या आणि माझ्यासमोरची मेथी उचलून स्वतः निवडायला बसल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. दहा मिनिटं मेथी त्यांच्याकडे, असं ठरूनच गेलं.

दोनेक महिन्यांनी वर्गात पुन्हा तेच झालं. पाय दाराकडे वळले होते. मी टेबलाला हात टेकला, चपलेतून पाय काढले आणि मुलांना म्हणाले, "पुढचं गणित तुम्ही सोडवा." धडधड वाढली, गळ्याशी आली, तिथेच राहिली. मीही राहिले. समोर पन्नास डोकी वह्यांत वाकलेली. हळूहळू हातांतल्या मुंग्या गेल्या आणि मी पहिल्या बाकावरची वही तपासायला घेतली.

पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर बाईंनी विचारलं, "किती वेळ होती धडधड?"

"काय माहीत. घड्याळ बघायचं राहूनच गेलं," मी म्हणाले, तशा त्या मोठ्यानं हसल्या.

त्यानंतर वर्षभर ती धडधड अधूनमधून यायची. वर्ग मात्र मी पुन्हा सोडला नाही.