बराबर म्हणणारे माणिकराव

आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत माणिकराव "बराबर" म्हणत. पाऊस येईल म्हटलं तरी बराबर, येणार नाही म्हटलं तरी बराबर. अख्खं गाव त्यांच्या या गोडव्यावर खूश होतं. मीही होतो. आता तो शब्द कुठं ऐकला तरी मला किळस येते.

माझी आत्या सेनगावजवळच्या त्याच गावची सून. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा विहिरीकडची पट्टी आतोबांना आली आणि मधला बांध माणिकरावांच्या डोळ्यांदेखत घातला गेला. आतोबा गेल्यावर दिरानं तो बांध नांगरून टाकला आणि वाटणी झालीच नाही म्हणून हात वर केले. आत्याची हळद त्याच विहिरीवर होती. तिनं दावा लावला. बांध घालताना पाहिलेल्यांपैकी माणिकराव तेवढे हयात होते, आणि ते लेकाकडं पुण्याला राहायला गेले होते.

आत्यानं फोन लावला.

"वैनी, तुमचं बराबर हाय," ते म्हणाले, "पण लांबच्या साक्षीदाराला कोर्ट बोलवू शकत न्हाई. कायदाच हाय तसा."

आत्यानं फोन ठेवला. "जत्रेच्या मटणाला दरसाल येऊन राहिले की. तवा पुणं लांब न्हाई व्हय?"

हे ऐकून आमचे वकील हसले. माणिकरावांनी कायदा अर्धाच ऐकला होता. शंभर किलोमीटरपलीकडच्या माणसाला सहसा बोलावत नाहीत. पण बहुतेक वाट रेल्वेनं किंवा एसटीनं होत असेल, तर पाचशेच्या आतल्यालाही यावं लागतं. पुणं पाचशेच्या आतच होतं आणि जत्रेला येणारी ती एसटीही रोज धावत होती. आत्यानं त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च कोर्टात भरला आणि समन्स गेलं.

माणिकराव आले. कडक इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध.

"बांध तुमच्यासमोर घातला?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"बराबर."

आत्यानं माझा हात घट्ट धरला. मग दिराचे वकील उठले.

"त्या दिवशी तुम्ही गावातच नव्हता ना?"

"बराबर."

न्यायाधीशांनी मान वर केली. "यातलं खरं कोणतं?"

"साहेब, दोन्ही घरं आपलीच. कुणाचं मन काहून दुखवायचं?"

बाहेर आल्यावर हा गृहस्थ दिराच्या मोटारसायकलवर मागं बसून जेवायला गेला. जाताना आत्याला हसून नमस्कारही केला. असल्या गोड माणसापेक्षा तोंडावर शिव्या देणारा दीर परवडला.

आत्या दावा हरली. विहीर गेली, हळद गेली. आता उरलेल्या कोरडवाहू तुकड्यात ती सोयाबीन पेरते.

यंदा माणिकराव वारले. दहाव्याला गाव जमलं होतं, आत्याही गेली होती. जो तो त्यांचे गुण गात होता, आणि बाकीचे माना हलवत होते.

"देवमाणूस होता," शेजारचा एकजण डोळे पुसत म्हणाला. "बराबर ना, काकू?"

"न्हाई," आत्या म्हणाली आणि उठून घरी निघाली.