नमुन्याचा चेहरा

"फोटो काय हो, नुसतं बटण तर दाबायचं असतं," असं कुणी म्हटलं की आमच्या दादाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझी त्याच्याही आधी जायची. स्टुडिओच्या काउंटरवर मी बसते, त्यामुळे असली माणसं पहिल्यांदा माझ्याच वाट्याला येतात. मोबाईल पुढे करतात. आत कुणाच्या तरी लग्नातला फोटो. नवऱ्याचं कपाळ अर्धं कापलेलं, नवरीच्या नाकावर ट्यूबलाइटचा पट्टा, मागे केराची बादली. "ताई, एवढं जरा छान करून द्या ना. कॉम्प्युटरच करतो म्हणे सगळं." मी म्हणायची, "मग कॉम्प्युटरशीच बोला की, माझं डोकं कशाला खाता?" आतून दादा ओरडायचा, "अगं बाई, गिऱ्हाईक आहे ते!" आणि मग स्वतःच बाहेर येऊन त्या माणसाला अर्धा तास झापायचा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. माझा संसार काही टिकला नाही, तेव्हा त्यानं आणि वहिनीनं मला घरात घेतलं आणि काउंटरवर बसवलं. उपकार केले असं दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. उलट वहिनी म्हणायची, "तू आलीस ते बरं झालं गं, ह्यांच्या गिऱ्हाइकांना तुझ्यासारखंच तोंड हवं."

दादाचं काम म्हणजे काम होतं, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. एखादी म्हातारी फोटोला बसली तर तो आधी तिच्याशी गप्पा मारायचा, स्टूल चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे सरकवायचा, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगायचा, आणि ती कंटाळून "अरे, काढ की मेल्या एकदाचा!" म्हणाली की त्याच क्षणी काढायचा. त्या फोटोत म्हातारी जशीच्या तशी उतरायची. पण मोबाईल आले आणि आमचा धंदा बसला. ओळखपत्राचे फोटो तेवढे उरले. दादा दिवसभर लेन्सा पुसत बसायचा. माणूस असा बसून राहिला की घराला अवकळा येते.

वर्गाची कल्पना वहिनीची. "लोकांना फोटो काढायचेच आहेत ना? मग नीट काढायला शिकवा त्यांना." मी म्हटलं, "वा! म्हणजे आपल्याच हातानं दुकानाला कुलूप लावायचं." ती म्हणाली, "ज्याला चांगला फोटो काढायची खटपट कळेल ना, त्यालाच तुझ्या भावाची किंमत कळेल." आणि खरंच तसंच झालं, तोंडात मारल्यासारखं. दर शनिवारी सकाळी आतली खोली भरायला लागली. बँकेतला एक कारकून, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी, कोपऱ्यावरचा शिंपी, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांना आम्ही सगळे मास्तरीणबाईच म्हणायचो. स्वतःचे शंभर फोटो फसले की माणूस आपोआप नरमतो. मग तीच मंडळी घरच्यांना घेऊन स्टुडिओत यायला लागली. दादाची पाठ पुन्हा ताठ झाली.

वर्गाला नमुना म्हणून वहिनी बसायची. खिडकीशेजारी स्टूल, मागे राखाडी कापड आणि समोर वहिनी. "फ्लॅश बंद करा आधी," दादा म्हणायचा. "हा बघा, नाकाच्या सावलीपलीकडे गालावर उजेडाचा त्रिकोण पडलाय. तो दिसला की समजा, उजेड बरोबर आहे. माणूस हलवा, उजेड हलत नसतो." आणि वहिनी निमूटपणे हलायची. कधी मध्येच म्हणायची, "अहो, मान अवघडली, माणूस आहे मी." सगळे हसायचे.

चहा झाला की दादा तोच फोटो मोठ्या पडद्यावर घ्यायचा आणि साफ कसा करायचा ते दाखवायचा. ह्यात त्याचा नियम पक्का होता. चेहऱ्यावर जे कायमचं असतं, तीळ, व्रण, सुरकुत्या, त्याला हात लावायचा नाही. ती त्या माणसाची ओळख. आणि जे चार दिवसांसाठी आलेलं असतं, पुटकुळी, ओरखडा, डास चावल्याची खूण, ते बेलाशक पुसायचं. वहिनीच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण होती. ती त्यानं एकाही फोटोतून कधी काढली नाही. "ही काढली तर ही बाई माझी बायको राहणार नाही," असं तो वर्गाला सांगायचा, आणि वहिनी लाजून पदर सारखा करायची.

मग एका शनिवारी तिच्या डाव्या गालाच्या हाडावर एक ठिपका दिसला. काळपट, मोहरीएवढा. दादा खूश झाला. "वा! आज शिकवायला पाहुणा आलाय आपल्याकडे," म्हणाला. पडद्यावर चेहरा मोठा केला, बाजूची कातडी उचलली, ठिपक्यावर ठेवली, गेला ठिपका. टाळ्या. वहिनी म्हणाली, "आरशातूनही असाच पुसता आला तर बघा." तो म्हणाला, "तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना पुसायला."

पाहुणा काही गेला नाही. पुढच्या शनिवारी होता, त्याच्या पुढच्याही होता. दर वेळी फोटो नवा, दर वेळी दादा तो पुसायचा. पुढे पुढे तर त्याच्याकडे बघावंही लागायचं नाही. तोंडानं कारकुनाला काहीतरी समजावत असायचा आणि हात आपला गालावरून फिरून मोकळा व्हायचा. भिंतीवर वर्गाचे फोटो लागत गेले, सगळ्यांत वहिनीचा गाल लख्ख. घरात वावरताना मलाही तो ठिपका दिसायचा, नाही असं नाही. पण रोजचं माणूस आपण कुठे निरखून बघतो? दादाचं तसं नव्हतं. त्याचा धंदाच बघण्याचा होता.

एकदा मास्तरीणबाईंनी हात वर केला. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई ती. म्हणाल्या, "सर, हा डाग मागे एवढा नव्हता."

दादा म्हणाला, "बाई, चांगला प्रश्न विचारलात. आज ढग नाहीत, उजेड एका बाजूनं येतोय. बाजूच्या उजेडात जरासा उंचवटासुद्धा डोंगर दिसतो. आता बघा." त्यानं वहिनीचं स्टूल फिरवलं, तोंड खिडकीकडे केलं, परत फोटो काढला. ठिपका खरंच चपटा आणि लहान दिसला. "पटलं?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "पटलं." आणि खाली बसल्या.

तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता हो. उजेडाचं सगळं खरंच होतं. ह्याचाच तर मला अजून संताप येतो. खोटं बोलला असता तर निदान धरून बदडता तरी आलं असतं.

पुढे एका सकाळी तोंड पुसताना वहिनीच्या टॉवेलला रक्त लागलं. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, दोघांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिनं भिंग लावून पुष्कळ वेळ बघितलं. विचारलं, "हे कधीपासून आहे? कसकसं वाढत गेलं? तुमचे जुने फोटो आहेत का? त्यावरून आम्हाला बरंच कळतं."

वहिनीला हसू आलं. "अहो डॉक्टर, फोटोंना काय तोटा? फोटोग्राफरची बायको आहे मी."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे सगळे फोटो पिशवीत भरून नेले. डॉक्टरीण एकेक बघत गेली. मागची तारीख बघायची, पुढचा चेहरा बघायची, बाजूला ठेवायची. अगदी गेल्या महिन्यातला फोटो हातात घेऊन ती थांबली. म्हणाली, "म्हणजे हे सगळं महिन्याभरातलं? इतक्या झपाट्यानं?"

"नाही हो," वहिनी गोंधळून म्हणाली, "बरेच दिवस आहे ते. फोटोत यांनी..." आणि तिचं वाक्य तिथंच अडकलं. दादा जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "पुसायच्या आधीचे फोटो आहेत. दुकानात आहेत. घेऊन येतो."

मी त्याच्याबरोबर गेले. शटर अर्धंच वर केलं, आत जाऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. मूळ फोटो तो कधीच टाकायचा नाही, वर्गालाही हेच बजावायचा. तारखेप्रमाणे सगळे ओळीनं होते. त्यानं एक उघडला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फक्त गालापुरता मोठा करून. मोहरी होती, तिची मसूर झाली. मग एका बाजूनं कड फाटल्यासारखी झाली. मग मधला भाग निळसर काळा झाला आणि बाजूला एक बारकं पिल्लू आलं. इतके सुंदर फोटो होते हो. केसन्‌केस मोजून घ्यावा असे. एखाद्या डॉक्टरनं मुद्दाम काढून घेतले असते तरी ह्याहून चांगले निघाले नसते.

"दादा," मी म्हटलं, "तुला दिसत होतं."

"मला डाग दिसत होता गं," तो म्हणाला. "तो कसा जाईल एवढंच मी बघत होतो." मग म्हणाला, "डॉक्टरला देतो. पण तुझ्या वहिनीला दाखवायलाच हवेत का? ती काय म्हणेल मला?"

"तुला काय म्हणेल? तुला स्वतःचं पडलंय?" मी एवढ्या जोरात ओरडले की कोपऱ्यावरचा शिंपी धावत आला. त्याला मी हाकललं. दादा रडायला लागला. माझा मोठा भाऊ मी पहिल्यांदा रडताना बघितला आणि मला त्याच्या पाठीवर हातही ठेवावासा वाटला नाही. सरळ सांगते.

लपवायचा प्रश्नच आला नाही. डॉक्टरणीनं सगळ्यांदेखत फोटो पडद्यावर लावले. वहिनी एकटक बघत होती. स्वतःच्याच गालाकडे, जणू दुसऱ्या कुणाच्या. सुरुवातीच्या एका फोटोवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्या वेळी आले असते तर?"

डॉक्टरीण म्हणाली, "तेव्हा सोपं होतं."

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "दर शनिवारी तुम्ही किती वेळ बघत असायचा माझ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला छान वाटायचं हो." आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. दादानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

गालावरचं कापून काढलं, पण ते आधीच गळ्यात उतरलं होतं, आणि मग छातीत. औषधं झाली, सुया झाल्या. तिचे केस गेले, जेवण गेलं. वर्ग बंद पडला. मास्तरीणबाई एकदा काउंटरवर येऊन बसल्या आणि तोंडाला रुमाल लावून म्हणाल्या, "मी एवढ्यावर गप्प बसायला नको होतं." मी म्हटलं, "बाई, तुम्ही विचारलंत तरी." कारकुनानं फोन करून विचारलं की वर्ग परत कधी सुरू होणार. त्याला मी जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादानं कॅमेरे पेटीत ठेवले आणि घरात वहिनीच्या उशाशी खुर्ची टाकून बसला. औषधाच्या वेळा, पाणी, चादर, कशातही कधी चुकला नाही.

शेवटी शेवटी तिला उठून बसताही येईना. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. ती त्याला म्हणाली, "अहो, एकदा माझ्याकडे बघा ना. कॅमेरा नको. नुसतं बघा."

दादानं खुर्ची पुढे ओढली. बघायला लागला. ती पण त्याच्याकडे बघत होती. टाके घातलेला गाल, आत गेलेले डोळे, पापण्यांना केस नाहीत, सगळं तिनं त्याच्यापुढे ठेवलं होतं. मला वाटलं, आता मी उठून बाहेर जावं, ह्यांचं ह्यांना असू दे. तेवढ्यात दादाच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खिडकीकडे गेली, परत चेहऱ्यावर आली, परत खिडकीकडे गेली. तो उठला आणि त्यानं पडदा वीतभर ओढला.

"ऊन थेट तोंडावर येत होतं," तो म्हणाला. "आता बघ, किती मऊ झालं."

वहिनीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली, नर्सशी बोलली, दूधवाल्याची चौकशी केली. त्याच्याशी बोलली नाही.