ओट्यावरचा निळा डाग

सुरतेत लिंबायतच्या माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली आणि रिक्षावाला आतूनच म्हणाला, "आप्पा, तुमची ती भांडणवाली सिस्टर गेली." हातातला तराजू तसाच राहिला. कुसुम सिस्टर आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या, राहायला लांब बमरोलीत. त्या गेल्याला आता तीन आठवडे झाले. खरं सांगतो, दुःखाआधी मला रागच आला. मला दिलेला एक शब्द त्यांनी पाळला नव्हता...

चार वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, भरल्या दुकानात त्या शिरल्या. माझ्या गोणीतलं चिमूटभर मीठ बशीत घेतलं आणि पर्समधल्या छोट्या बाटलीतून त्यावर एक थेंब टाकला. "आयोडीन असलं का मीठ निळं होते. हे तर पांढरंच आहे बाप्पा! असं मीठ खाऊन पोरींच्या गळ्याच्या गाठी कशा थांबतीन?" गिऱ्हाइकांतली एक धुळ्याची बाई लगेच म्हणाली, "काय वो आप्पा, आम्हले खोटं मीठ दिधं?" माझं डोकंच फिरलं. खानदेशातून एका पिशवीनिशी आलेला माणूस मी. एकेक रुपयासाठी घासाघीस करून हे दुकान उभं केलं, आणि ही बाई मला चोर ठरवते! मी ओरडलो, "आयोडीनचा भाव मोजून माल घेतलाय! उद्या ट्रक येईल, तुमच्या हातानं तपासा!"

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. ट्रकवरून उतरलेली गोणी तिथेच फोडली, थेंब टाकला... जांभळट निळा! मी टाळीच वाजवली. सिस्टर मात्र विचारात पडल्या. "मग महिनाभरात जाते कुठं?"

आता, सुरतेत मिठाची गोणी दुकानाबाहेर ओट्यावरच असते. शटर पडलं तरी तिथेच. मीठ चोरणं पाप, म्हणून कोणी हात लावत नाही. माझीही तशीच होती. सिस्टरनी त्या एका गोणीचे दोन भाग करायला लावले. अर्धं मीठ गोणीतच, नेहमीसारखं बाहेर. अर्धं आत, झाकणाच्या कोरड्या पिंपात. दर शनिवारी त्या यायच्या, आणि मी गिऱ्हाईक सोडून बशी घेऊन धावायचो! पिंपातलं निळंच राहिलं. बाहेरचं फिकं होत होत एका शनिवारी पांढरं पडलं. मग त्यांनी गोणी सरकवायला सांगितली. दमट हवेनं मिठाला पाणी सुटून खाली ओट्यावर पांढरी खपली धरली होती. त्यांनी तिच्यावर थेंब टाकला. गर्द निळा डाग! "पाहा आप्पा, तुमचं आयोडीन!" त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या. मी खाली वाकून बघतच राहिलो. महिनोन्‌महिने भाव मोजून घेतलेलं सगळं माझ्या पायाखाली झिरपत होतं.

"म्हणजे मी चोर नव्हतो! बायांसमोर बोललात, आता बायांसमोरच मागं घ्या."

"पहिले गोणी आत घ्या, मग बोलीन."

मी गोणी आत घेतली. दलालाशी भांडून आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोण्या मिळवल्या. सिस्टरनी एक बाटलीही मला दिली, मुदत संपली की नवी आणून द्यायच्या. पण तो शब्द? "बोलीन, बोलीन" म्हणत हसायच्या. चार वर्षं!

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांचे यजमान चहा टाकत होते. चुलीपासून लांब, फळीवर घट्ट झाकणाची काचेची बरणी दिसली. "मीठ कुठलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याच दुकानचं जी. दर महिन्याला शेजारणीला लिंबायतला धाडायची. म्हणे, मीच मीठ घ्यायला गेली तर तो माणूस आधी माफी मागायला लावीन."

बमरोलीत हाकेच्या अंतरावर दुकानं आहेत... मी खिशातली बाटली काढली, बशीत चिमूटभर मीठ घेतलं, थेंब टाकला. गर्द निळं. "बघा, बघा!" मी ओरडलो. बघायला त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. ते डोळे पुसत हसले. मी बरणी उचलली आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.