चाचीच्या लिंबाखालची सावली

चाचीला बस दिसण्याआधी ऐकू येई. तेलगावकडच्या वळणाआड इंजिनाचा आवाज बदलला की ती "आली!" म्हणून ओरडे, आणि तिच्या पेरूच्या गाड्यामागे कडुलिंबाखाली बसलेले आम्ही सगळे रस्त्याकडे धावत सुटत असू. थांब्याच्या खांबापाशी कुणी उभं राहत नसे. तिथं सावली नव्हती.

"उन्हात कशापायी उभी हायस, बाय? बस इथं," चाची एखाद्या नवख्या बाईला म्हणे. मी शिकवायला अंबाजोगाईला जात असे. माझी चुळबुळ दिसली की टोमणा ठरलेला: "दम धरा, मास्तर. डायवर माझा पेरू खाल्ल्याबिगर हालत न्हाई."

तिची नात रुखसाना त्याच बसने नर्सिंग कॉलेजला जाई. तिला खिडकीजवळ जागा मिळेपर्यंत चाची ड्रायव्हरसाठी पेरू निवडत राही.

रस्ता चौपदरी झाला. कोणते थांबे ठेवायचे, हे ठरवायला पाहणीचे लोक आले. चाचीने त्यांना मीठ लावून पेरू कापून दिले. आम्ही नेहमीसारखे झाडाखाली होतो. बसला उशीर होता. ती येण्याआधीच ते पुढच्या फाट्याला गेले.

नव्या आराखड्यात आमचा थांबा नव्हता. खांबापाशी प्रवासी दिसले नाहीत, असं कारण सांगण्यात आलं. बस न थांबता जाऊ लागली. रुखसाना काही दिवस खच्चून भरलेल्या जीपमधून गेली, मग वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं. चाची एवढंच म्हणाली, "मीच बसवलं समद्यांला."

त्यानंतर ती गाडा सोडून खांबापाशी उभी राहू लागली. जीपची वाट पाहणाऱ्यांनाही झाडाखालून उठवी.

"आता काय उपयोग, चाची?"

"पुन्ना मोजायला आले तर? सावलीत जाऊ नका, मास्तर."

रुखसानाचं लग्न तलवाड्याला झालं. पुढच्या उन्हाळ्यात चाची गेली. अर्जविनंत्यांनंतर पाहणी पुन्हा झाली, तेव्हा आम्ही सगळे, कुणी न सांगता, खांबापाशी उन्हात उभे होतो.

थांबा मिळाला. पत्र्याची शेडही झाली. पहिली बस वळणावरून आली तेव्हा कुणी ओरडलं नाही. बसमधून रुखसाना उतरली, कडेवर मूल घेऊन. माहेरपणाला आली होती.

"ही अंबाजोगाईला कवा पोचती, मास्तर?"

"कॉलेजच्या वेळेला," मी म्हणालो.

"उगीच इचारलं," ती म्हणाली, आणि गावाच्या रस्त्याला लागली.