हुंकारासकट

मुबशिरा एखादी गोष्ट पटकन ठरवील, तर शपथ. साध्या चपला घ्यायच्या तरी बारामतीतली चार दुकानं पालथी घालून रिकाम्या हातांनी जळोचीला घरी परतणार. एरवी ती लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्याचं पॉडकास्ट काढते. त्या पॉडकास्टसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, याचा घोळ तिने दोन महिने घातला. एक फुकटातलं, साधं. एक महागडं. आणि एक नवंकोरं, एका बटणात आवाज स्वच्छ करून देणारं. प्रत्येक रेकॉर्डिंग बाईसाहेब तिन्हींत उघडून ऐकायच्या. तिची आई करिमा एकदा वैतागून म्हणाली, "अगं, जावई ठरवायला बी एवढा येळ लागत न्हाय!"

याच घोळात तिने वालचंदनगरच्या तात्याबांचं बोलणं रेकॉर्ड केलं. चाळीस वर्षं तिथल्या कंपनीत मशीनं जोडणारे फिटर होते ते. त्यांच्या घशातली गाठ काढायची होती आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही जाणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची बायको जयवंताबाई, तिनेच मुबशिराला बोलावून घेतलं.

"पुन्यांदा ह्यांचा आवाज कानावर पडायचा न्हाय. तेवढा जपून ठिव, पोरी," ती म्हणाली. तात्याबा दोन तास बोलले. जयवंताबाई शेजारी बसून होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ गेली, आवाज गेला, माणूस राहिला. महिन्याभराने मुबशिरा लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. नव्या सॉफ्टवेअरने सगळं लख्ख केलं होतं. खोकला नाही, पंख्याची घरघर नाही, दोन तासांचं बोलणं सव्वा तासात बसलेलं. पोरगी खुशीत होती.

जयवंताबाईने पाच मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. "हे आमचं मानूस न्हाय."

"आवाज तात्याबांचाच हाय की, आजी."

"आवाज हाय गं. पर हे असं धावत कवा बोलले? मी 'हूं' म्हनल्याबिगर ह्यांची गोष्ट म्होरं सरकत न्हाय. माझं हूं कुठं गेलं?"

खरंच होतं. सांगणारा थांबतो, ऐकणारा हुंकार भरतो, मग गोष्ट पुढे जाते. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या हुशार बटणाला मात्र थांबणं म्हणजे रिकामी जागा वाटली आणि हुंकार म्हणजे कचरा. आणि मुबशिराने ते साफसूफ केलेलं बोलणं मूळ फाइलवरच, त्याच नावाने सेव्ह केलेलं. रेकॉर्डरमधलं तर पुढच्या मुलाखतीसाठी केव्हाच पुसून टाकलं होतं. तात्याबा समोर खाटेवर बसून तिच्याकडे बघत होते, आणि पुन्हा एकदा बोला म्हणायची सोय उरली नव्हती.

मग तिला आपला घोळ आठवला. रेकॉर्डिंग तिन्हींत उघडलं होतं ना! आणि फुकटातलं ते साधं सॉफ्टवेअर, उघडलेल्या फाइलची स्वतःची एक वेगळी प्रत ठेवून घेतं. तिने ते उघडून शोधलं. होतं! दोन तास, पंख्यासकट, खोकल्यासकट.

"...तर मोठा साहेब माझ्यापाशी आला," लॅपटॉपमधून तात्याबा म्हणाले आणि थांबले.

"हूं," जयवंताबाईचा आवाज आला.

"म्हनला, तात्याबा, ह्ये मशीन कोन जोडनार?"

"हूं."

मुबशिरा हसता हसता रडली. इतकं हलकं तिला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. दोन महिने अडलेला तो निर्णय तिने तिथल्या तिथे घेऊन टाकला, फुकटातलंच ठेवायचं; आणि घोळ घालणाऱ्यांना हसू नये हे, तिच्या तोंडून ही हकिगत ऐकल्यावर, मीही मान्य केलं.

मोठ्या साहेबाची गोष्ट संपली तेव्हा जयवंताबाईने पदराने डोळे पुसले. "ह्यांनी अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "मशीन जोडून घरी आले तवा काय झालं, ते म्या सांगते. त्या दिशी ह्यांच्या हाताला केवढं लागलं हुतं..." एवढं बोलून ती थांबली.

तात्याबांनी बोटाने खाटेच्या लाकडावर टक् केलं.

जयवंताबाई पुढे बोलू लागली. मुबशिराने घाईघाईने रेकॉर्डर काढला आणि खाटेच्या कडेला, त्या बोटाजवळ ठेवला.