घरच्याला कोण वाढतं

"ॲडजस्टमेंट डिसऑर्डर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहूनही दिलं. किराण्याची यादी ठेवते तसा तो कागद घडी करून मी पिशवीत ठेवला. मला काहीच वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती, ती मी पहिलीपासून शेवटपर्यंत बघितली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. "जागा बदलली, माणसं बदलली की काही जणांच्या मनाची घडी लवकर बसत नाही. कुणाची झोप जाते, कुणाचं जेवण. शिवाय हिला ॲनिमिया आहे, म्हणजे अंगात रक्त कमी आहे. त्याला गोळ्या देते. पण जेवायची गोळी माझ्याकडे नाही."

माझी लेक कोमल शेजारच्या स्टुलावर ताठ बसली होती, हात मांडीवर ठेवून. सोळा वर्षांची पोर, वजन चौतीस किलो.

आम्ही कन्नड तालुक्याकडचे मेंढरंवाले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. पोरीची शाळा बुडू नये म्हणून पाचवीत तिला मुलींच्या निवासी शाळेत घातलं. सहा वर्षं ती तिथं राहिली. ती दहावीला असताना आम्ही मेंढरं विकली आणि शहरात येऊन पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझे मालक, म्हणजे कोमलचे वडील, एका इमारतीवर वॉचमन झाले. मी क्रांती चौकाजवळ पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. परीक्षा झाली आणि कोमल घरी आली. म्हणजे ज्या घरात ती एक दिवसही राहिली नव्हती, त्या घरी आली. हे वाक्य मला आज लिहिता येतंय, तेव्हा सुचलंसुद्धा नव्हतं.

पहिले काही दिवस मी खूश होते. पोरगी पहाटे साडेपाचला उठून अंथरुणाची घडी घालायची आणि भिंतीशी बसून राहायची. मी मालकांना म्हणायचे, लेक नव्हे, पलटणीतला शिपाई आलाय घरी. एकदा तिनं विचारलं, "आई, पाणी पिऊ?" मी हसले. म्हटलं, "माठ तुझ्या बापाचाच हाये, पी की." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. मला वाटलं, रुळली. आता कळतं की त्यानंतर ती पाणीच कमी प्यायची.

जून उजाडेपर्यंत तिचे ड्रेस अंगावर लोंबायला लागले. अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत ती दोन तास उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. बसली कसली, कोसळली.

मग दवाखाना. पहिल्या दिवशी केसपेपर आणि रक्त. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, म्हणजे पोटाचा फोटो, आणि थायरॉईडची तपासणी. ती गळ्यातली ग्रंथी असते, तिचं काम बिघडलं की वजन उतरतं म्हणे. तिसऱ्या दिवशी नुसतं बसणं. बाकावर आमच्याशेजारी एक आजोबा रोज तेच बिस्किटाचं पाकीट उघडायचे आणि बंद करायचे. मी त्यांच्याकडं बघत बसायचे. काळजी करायला हवी हे मला माहीत होतं, पण आत नुसतं बधिर होतं. रक्त सोडलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा मला राग आला. काहीतरी निघालं असतं तर त्यावर इलाज तरी झाला असता.

तिथून आम्हाला मानसोपचार विभागात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी आधी कोमलशी एकटीशी बोलून घेतलं. तिला बारीक व्हायचं आहे का, शाळेत कुणी त्रास दिला का, हे सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. मग मला आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं. मी पिशवी उचलणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "घरी हिला जेवायला कोण बोलावतं?"

मी म्हटलं, "घरच्या पोरीला कोण बोलावतं, मॅडम?"

आमच्यात पद्धतच तशी आहे. मेंढरांमागं फिरताना कोण कधी परतेल याचा नेम नसतो. भाकरी टोपल्यात फडक्याखाली झाकलेली असते. भूक लागली की ज्यानं त्यानं घ्यावी. ताट वाढून बस म्हणायचं ते पाहुण्याला. कोमल आली त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की हिला वाढायचं नाही. सहा वर्षं परक्यात राहिलेली पोर, तिला आपल्याच घरात पाहुणी वाटायला नको. मी रोज टोपलं भरून मेसवर जायचे. आल्यावर भाकरी तशीच दिसली की वाटायचं, भूक नसेल. भूक लागली की घेईल.

डॉक्टरीणबाईंनी कोमलकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "कुणी बस म्हणलंच नाय."

मला शाळेतल्या गृहपाल बाई आठवल्या. मी भेटायला गेले की त्या कौतुकानं सांगायच्या, "तुमची कोमल लई गुणाची. घंटा झाल्याबिगर पाण्याला बी उठत नाय." ते ऐकून माझी छाती फुगायची. मेसवर तीस पोरांना मी आग्रह करकरून पोळ्या वाढत होते आणि माझ्या घरात माझी पोर घंटेची वाट बघत उपाशी होती. तरी मला रडू आलं नाही. मी विचारलं, "आता काय करायचं?"

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. जेवणाच्या वेळा ठरवायच्या. तिला हाक मारायची, शेजारी बसायचं. शाळेतल्या मैत्रिणींशी फोनवर बोलू द्यायचं. घरातलं एक काम पूर्ण तिच्यावर सोपवायचं. आणि जमायला लागलं की हळूहळू आपला हात काढून घ्यायचा.

सकाळी आठला मी शाळेच्या घंटेसारखं उलथन्यानं ताट वाजवायला लागले. दुपारी मी नसायचे, म्हणून एक वाजता मालक इमारतीवरून यायचे आणि ताट वाजवायचे. उभ्या जन्मात कुणाला वाढलं नव्हतं त्या माणसानं. पहिल्या दिवशी भाजी ताटाबाहेरच जास्त सांडली. कोमल त्यावर जरा हसली, असं त्यांनी मला सांगितलं, दोनदा सांगितलं.

महिन्याभरात वजन दीड किलो वाढलं. मध्ये चार दिवस पुन्हा जेवण सुटलं. ते होणारच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या अजून चालू आहेत.

तुमची लेक वसतिगृहातून घरी येणार असेल तर एवढं ऐका. तिच्या शाळेत जाऊन घंटा कोणकोणत्या वेळी होते ते विचारून या. पोर गुणी आहे असं कुणी सांगितलं की तिथंच खूश होऊन परत येऊ नका.

गेल्या आठवड्यात मी मेसवरून आले आणि भिंतीला टेकले. पाय सुजले होते. आतून ताट वाजलं. मला वाटलं, मालक आलेत. बघते तर कोमल. दोन ताटं वाढलेली, शेजारी पाण्याचे दोन तांबे.

"आई, बस."

मला आजवर कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. सगळ्यांचं झालं की टोपल्यात उरेल ते मी घेते, उभ्यानंसुद्धा. मी म्हटलं, "मला पाहुणी केलीस व्हय गं?"

"नाय," ती म्हणाली. "घरच्यांना बी भूक लागती."

एवढ्या महिन्यांचं रडू मला तेव्हा आलं. माझं रडणं होईपर्यंत तिनं घास उचलला नाही. मग आम्ही दोघी जेवलो.